पुणे ते गुमी: स्टीपलचेसची बारा वर्षं

२०१३ च्या सुरुवातीला तामिळनाडू सरकारने कळवून टाकलं, की श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा चेन्नईत होणार नाही. मुख्यमंत्रिपदी जयललिता होत्या आणि श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून राज्य पेटलेलं होतं. एका सदस्य देशाला दाराबाहेर ठेवून स्पर्धा भरवणं आशियाई संघटनेला परवडणारं नव्हतं. जुलै तोंडावर आलेला, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, आणि मैदानाचा पत्ता नाही. फिरत फिरत यजमानपद आलं ते पुण्याकडे. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झालेली. मांडव आधीच उभा होता, वऱ्हाड तेवढं ऐनवेळी आलं.

महाराष्ट्राच्या मातीवर अख्ख्या आशियाचं अॅथलेटिक्स पाहायला मिळालं ते अशा राजकीय अपघातातून. या अपघाताची गोष्ट सांगताना लोक सहसा पदकतक्त्यापाशी थांबतात. मला तो तक्ता पुढे न्यायचा आहे, आणि न्यायचा आहे तो एकाच शर्यतीच्या घड्याळावरून. कारण त्या शर्यतीची वाट पुण्याहून निघून साताऱ्याच्या माण तालुक्यातून गेली. आमच्या मिरजेहून माणदेश काही फार लांब नाही.

ही स्पर्धा १९७३ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाली आणि साधारण दर दोन वर्षांनी भरते. ऑलिंपिक आणि आशियाई क्रीडा स्पर्धा यांच्या झगमगाटात ती झाकली जाते. पण भारतीय अॅथलेटिक्सचा कस खऱ्या अर्थाने इथेच लागत आला. १९८५ मध्ये जकार्तात पी. टी. उषाने एकाच स्पर्धेत पाच सुवर्ण आणि एक ब्रॉंझ मिळवलं, तेव्हा घरोघरी पोचलेली ‘सुवर्णकन्या’ याच स्पर्धेतली. १९८९ ला दिल्लीत यजमानपद आलं तेव्हा तिने आणखी चार सुवर्णं घेतली. त्यानंतर स्पर्धा पुन्हा भारतात यायला चोवीस वर्षं गेली.

पुण्यात ३ ते ७ जुलै २०१३ या पाच दिवसांत भारताने १७ पदकं मिळवली: दोन सुवर्ण, सहा रौप्य, नऊ ब्रॉंझ. थाळीफेकीत विकास गौडाने ६४.९० मीटरवर थाळी टाकून पहिलं सोनं दिलं. दुसरं आलं महिलांच्या चार बाय चारशे रिलेत, निर्मला, टिंटू लुका, अनू मरियम जोस आणि एम. आर. पूवम्मा यांच्याकडून. यजमान देश तक्त्यात सहावा राहिला. चीन १६ सुवर्णपदकांसह पहिला, आणि त्याच्या मागे बहारीन. या छोट्याशा आखाती देशाच्या नावामागे केनिया आणि इथिओपियात जन्मलेले धावपटू होते. तेलाचा पैसा आणि नागरिकत्वाचा कागद यांच्या जोरावर आशियाई लांब पल्ल्याचा नकाशाच बदलत चालला होता. त्याबद्दल आपल्याकडे कुरकूर बरीच झाली. माझ्या मते ती कुरकूर अर्धीच खरी. बाहेरून आलेल्या या मुलींनी आशियाची पातळी वर ओढली, आणि त्या ओढीत आपल्या मुलीही वर आल्या.

महिलांची तीन हजार मीटर स्टीपलचेस घ्या. पुण्यात तिचं सोनं घेतलं बहारीनच्या रूथ जेबेटने, ९ मिनिटं ४०.८४ सेकंदांत. तिचं वय तेव्हा सोळा. रायबरेलीची सुधा सिंग ९:५६.२७ वेळेत दुसरी आली. सुधा काही नवखी नव्हती. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांची स्टीपलचेस पहिल्यांदाच झाली आणि तिचं सुवर्ण सुधाचंच. तरी पुण्यात पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये पंधरा सेकंद, म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी मीटरचं अंतर पडलं. टाळ्या रौप्यपदकाला मिळाल्या; त्या अंतराची चर्चा फारशी कुणी केली नाही.

ही शर्यत मुळात आहे तरी कशी? साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळायचं, वाटेत २८ वेळा लाकडी अडसर ओलांडायचा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. साध्या हर्डलला पाय लागला तर तो आडवा होतो. स्टीपलचेसचा अडसर ऐंशी ते शंभर किलोचा असतो, तो हलत नाही. पाय लागला तर आडवं होतं ते माणूस. महिलांसाठी त्याची उंची ७६ सेंटिमीटर. पाण्याच्या खड्ड्यापाशी बहुतेक जणी अडसरावर एक पाय टेकवून पुढे झेप घेतात. खड्डा साडेतीन मीटरहून लांब, अडसराजवळ खोल आणि पुढे चढत जाऊन ट्रॅकला मिळणारा. जितकी लांब झेप, तितकं पाणी उथळ. दमलेली धावपटू अडसराच्या जवळ पडते, गुडघ्याच्या आसपास भिजते, बुटात पाणी भरून घेते आणि ते पाणी घेऊन पुढची फेरी पळते. पाचव्या-सहाव्या फेरीत कोण किती लांब पडतंय एवढं पाहिलं तरी निकाल कळतो. पुरुषांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये १९०० पासून आहे. बायकांना ती मिळाली थेट २००८ मध्ये, बीजिंगला.

पुण्यात ही शर्यत झाली तेव्हा माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रस्त्यावर धावत होती. २ जून १९८९ चा जन्म, घर शेतकऱ्याचं. २००५ मध्ये पुण्यातच वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला पहिलं सुवर्ण मिळालं होतं. पुढे तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ असं लागोपाठ तीनदा पहिलं येऊन दाखवलं. रस्त्यावरच्या शर्यतीत बक्षिसाची रक्कम असते, टीव्ही असतो, नाव होतं. लांब पल्ल्याच्या मुलीला घरी पैसे पाठवायचे तर मॅरेथॉन सोडून चालत नाही, हे तिच्या पिढीतल्या सगळ्याच जणींना ठाऊक होतं.

आणि लांब पळण्याची या मुलखाला ओळख जुनी आहे. १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या भारतीय संघाची जुळवाजुळव पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने झाली. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. माणदेशात तर पळणं हा खेळ नंतर, आधी ती सवय. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माणमध्ये, दहिवडीकडे, शेकड्यांत. शेतीच्या भरवशावर घर चालत नाही. म्हणून कुणी मेंढरं घेऊन बाहेर पडतं, कुणी ऊसतोडीला जातं. खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत. उरलेली पोरं भरतीची तयारी करतात. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने घड्याळ लावून पळणारी दहा-बारा पोरं दिसली नाहीत असं गाव या पट्ट्यात क्वचित सापडेल.

२०१४ च्या जानेवारीत मुंबईची हॅट्ट्रिक झाली आणि ललिताने मोठ्या स्पर्धेतल्या पदकासाठी स्टीपलचेस धरली. पंचविशीत, मॅरेथॉनचे पाय घेऊन, ज्या शर्यतीला अडसराचं तंत्र लागतं तिच्यात उतरणं हा साधा जुगार नव्हता. तिला घडवलं बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव यांनी. हा माणूस २००५ च्या सुमाराला भारतात आला. तो कडक शिस्तीचा आणि तोंडाने फटकळ म्हणून ओळखला जाई, शिबिरात अधिकाऱ्यांनाही जुमानत नसे. पण प्रीजा श्रीधरन, कविता राऊत, सुधा सिंग, ओ. पी. जैशा, ललिता ही नावं एका ओळीत लिहिली की त्याच्या शिबिराने काय दिलं ते दिसतं.

आठ महिन्यांत फळ आलं. सप्टेंबर २०१४, इंचेऑन आशियाई क्रीडा स्पर्धा. जेबेट पहिली आली, पण ट्रॅकच्या आतल्या बाजूला पाय पडल्याबद्दल तिला बाद केलं गेलं. मग अपील झालं आणि सोनं तिचं तिला परत मिळालं. या गोंधळात ललिताचं रौप्य काही तासांतच ब्रॉंझ झालं. तिची वेळ ९:३५.३७, नवा राष्ट्रीय विक्रम. चीनची ली झेनझू तिच्या पुढे होती अवघ्या चौदा शतांश सेकंदांनी, आणि सुधा सिंग मागे होती सत्तावीस शतांशांनी. वर्षभरापूर्वी पुण्यात जी वेळ घेऊन सुधा रौप्यपदकाला पात्र झाली, तिच्यापेक्षा वीस सेकंद कमी वेळेत पळूनही इंचेऑनमध्ये ती चौथी आली. तिच्या घरी त्या दिवशी पदक गेलं नाही, आणि तरी माझ्या लेखी सुधाची ती धाव पुण्याच्या रौप्यापेक्षा मोठी.

जानेवारी २०१५ मध्ये ललिता पुन्हा मुंबईत मॅरेथॉन धावली, २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद. या खेपेला जैशा राष्ट्रीय विक्रमासह पुढे निघून गेली आणि ललिता दुसरी राहिली. पाच महिन्यांनी ती चीनच्या वुहानमध्ये होती. एकविसावी आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा ३ ते ७ जून. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच तिला सव्विसावं वर्ष पुरं झालं होतं. तिच्यासमोर होती घरच्या प्रेक्षकांपुढे धावणारी ली झेनझू, जिने इंचेऑनमध्ये केसाच्या अंतराने मात दिली होती. या वेळी ते अंतर उलटलं, आणि केसाएवढं राहिलंही नाही. ललिता ९:३४.१३ वेळेत पहिली आली: राष्ट्रीय विक्रम, स्पर्धेचा विक्रम आणि रिओ ऑलिंपिकचं तिकीट एका धावेत, कारण रिओसाठी मर्यादा होती ९:४५. झेनझू सात सेकंदांहून मागे राहिली. माणदेशाच्या मुलीने आशियाचं सोनं घेतलं ते असं, निर्विवाद.

वुहानमध्ये भारताची पदकं तेरा, म्हणजे पुण्यापेक्षा चार कमी. पण सुवर्णं चार: ललिता, आठशे मीटरमध्ये टिंटू लुका, थाळीफेकीत विकास गौडा, गोळाफेकीत इंद्रजीत सिंग. यातला इंद्रजीत पुढे उत्तेजक चाचणीत सापडला. मोठेपणाने एवढंही मान्य करायला हवं, की वुहानच्या पोडियमवर जेबेट नव्हती. तरी ललिताच्या सोन्याला त्यामुळे बट्टा लागत नाही. तिने पुण्यातल्या जेबेटच्या सुवर्णवेळेपेक्षा सहा सेकंद लवकर शर्यत संपवली होती, आणि पुण्यातल्या सुधाच्या वेळेशी तुलना केली तर बावीस सेकंद. मैदानावर मोजलं तर हे एकशेदहा मीटरच्या वर भरतं. दोन वर्षांत भारतीय महिलांची स्टीपलचेस एवढी पुढे सरकली होती.

ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती प्राथमिक फेरीत ९:२७.८६ धावली आणि अंतिम फेरीत आठवी आली. जागतिक स्पर्धेच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोचणारी ती पहिली भारतीय महिला.

मग २०१६. त्या वर्षीचा एप्रिल मिरजेच्या माणसाला निराळ्या कारणाने आठवतो. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं आणि मिरज जंक्शनातून पाण्याची रेल्वे सुटली: दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असं पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिलला लातूरला पोचलं. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली. मराठी वर्तमानपत्रांत एका पानावर ती रेल्वे होती. त्याच महिन्याच्या अखेरीस क्रीडापानावर दिल्लीच्या फेडरेशन कपमधली ललिताची ९:२७.०९ ही वेळ आली, पुन्हा नवा राष्ट्रीय विक्रम. दुष्काळी गावची मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून झेप घेते, असे मथळे त्या काळात पुष्कळ निघाले. वाचायला बरे वाटतात. पण दुष्काळ कुणाला धावपटू करत नाही. केला असता तर माण-आटपाडीने ऑलिंपिकचे अर्धे संघ भरले असते.

१३ ऑगस्ट २०१६, रिओ. प्राथमिक फेरीत ९:१९.७६. सात सेकंदांनी स्वतःचाच विक्रम मोडून ती अंतिम फेरीत गेली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून भारतीय खेळाडू अंतिम फेरीत पोचला तो ३२ वर्षांनी, १९८४ ला उषा चारशे मीटर हर्डल्समध्ये चौथी आली त्यानंतर. अंतिम शर्यत होती १५ ऑगस्टला. ललिता ९:२२.७४ वेळेत दहावी आली. पहिली आली रूथ जेबेट, ८:५९.७५. बालेवाडीच्या ट्रॅकवर तीन वर्षांपूर्वी सोळा वर्षांची म्हणून कौतुकाने पाहिलेली ती मुलगी आता ऑलिंपिक विजेती होती, आणि त्याच महिन्याच्या शेवटी पॅरिसमध्ये तिने जागतिक विक्रमही केला. पुढे तीही उत्तेजकांच्या प्रकरणात अडकली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली.

ललिताला २०१६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर राज्य सरकारने तिला थेट नियुक्तीने उपजिल्हाधिकारी केलं. वुहान ते रिओ हा सगळा प्रवास चौदा महिन्यांचा.

ती नसताना काय झालं ते पाहिलं की तिचं मोल कळतं. २०१७ ची आशियाई स्पर्धा रांचीने नाकारली आणि भुवनेश्वरने नव्वद दिवसांत उभी केली. पुण्यासारखीच ही दुसरी अनपेक्षित यजमानकी. भारत इतिहासात प्रथमच तक्त्यात पहिला आला, २९ पदकं. गोळाफेकीतलं मनप्रीत कौरचं सुवर्ण नंतर उत्तेजकांमुळे गेलं. महाराष्ट्राच्या अर्चना आढावने आठशे मीटर पहिल्या क्रमांकाने संपवली, पण श्रीलंकेच्या धावपटूला धक्का दिल्याच्या तक्रारीवरून ती बाद झाली. स्टीपलचेसचं सोनं पुन्हा सुधा सिंगला, वेळ ९:५९.४७. म्हणजे भुवनेश्वरचं सुवर्ण पुण्याच्या रौप्यापेक्षा तीन सेकंदांनी संथ. मोठ्या स्पर्धेत खेळाडू पदकासाठी पळतात, वेळेसाठी नव्हे, आणि ओडिशाचा जुलैमधला उकाडा कुणालाही संथ करील, हे मान्य. तरीही सुधाला सोनं घेताना मागून कुणी रेटलं नाही, हे खरंच. पदकतक्ता पाहणाऱ्याला मात्र २०१७ हे भारतीय अॅथलेटिक्सचं सर्वोच्च शिखर वाटत राहतं.

खरी भर पडत होती ती दुसरीकडे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला आणि तिथून धावू लागला. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०१९ ला दोह्यात आशियाई रौप्य घेतलं, २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीमध्ये ८:२०.९२ वेळेत सुवर्ण. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेतेपद भारताकडे परतलं ते १९८९ च्या दीना रामनंतर. साबळेही काही काळ स्नेसारेव यांच्या हाताखाली होता. ते स्वतः ५ मार्च २०२१ ला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या खोलीत वारले.

माण आणि सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात ललितानंतर दुसरी ललिता का आली नाही, असं लोक विचारतात. मला वाटतं उत्तर पहाटेच्या त्या रस्त्यावरच आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००. अकॅडमीतला मास्तर तेवढंच घोटून घेतो. शाळेच्या मैदानावर फक्की मारून आखलेल्या ट्रॅकवर पाण्याचा खड्डा असायचा प्रश्नच नाही. आठशे मीटर झाले, वेळ बसली, भरती झाली की बूट खुंटीला. घरात पगार येतो, त्यामुळे यात चुकीचं काय आहे असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मात्र भरतीत गोळाफेकही असते. योगायोग म्हणा, पण याच पट्ट्याने पुढे जगज्जेतेपद दिलं ते गोळाफेकीत, तेही अशा तरुणाकडून ज्याला भरतीचं दार बंदच होतं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचा डावा हात शाळकरी वयात सायकल अपघातानंतर निकामी झाला. त्याने २०२३ ला पॅरिसमध्ये आणि २०२४ ला कोबेमध्ये जागतिक पॅरा सुवर्ण मिळवलं, आणि ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटरवर गोळा टाकून रौप्य. कॅनडाचा ग्रेग स्ट्युअर्ट सहा सेंटिमीटरने पुढे होता.

रिओतला ललिताचा ९:१९.७६ हा राष्ट्रीय विक्रम सात वर्षं टिकला. २७ ऑगस्ट २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठच्या पारुल चौधरीने ९:१५.३१ वेळ देऊन तो मोडला. गुमीमध्ये पारुल आणखी वेगाने धावली: ९:१२.४६, वुहानच्या सुवर्णवेळेपेक्षा एकवीस सेकंद कमी, आणि पुण्याच्या रौप्यवेळेपेक्षा त्रेचाळीस. तिला रौप्य मिळालं. दोन सेकंदांनी पुढे गेली कझाकस्तानची नोरा जेरुतो, २०२२ ची जगज्जेती आणि जन्माने केनियाची.